मदत हवी आहे : मामाच्या ट्रंकेतली भुतं, चिकटलेला फोटोसेट आणि एक पांढरी पट्टी

मंडळी, गिरगावातली आमच्या मामाची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक निघाली. मामा लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये एका डिस्ट्रिब्यूटरकडे पब्लिसिटीचं सामान बघायचा. पोस्टरं मोजायची, गठ्ठे बांधायचे, प्रिंटच्या पेट्यांबरोबर गावोगावच्या थेटरांना धाडायचे. उरलंसुरलं घरी यायचं. मामा गेला त्याला सहा वर्षं झाली. मामी म्हणाली, "ने बाबा ही भुतावळ, नव्या घरात नको मला." बायकोचंही तेच मत, त्यामुळे ट्रंक सध्या बोरिवलीला आमच्या दिवाणाखाली आहे.

आत तेवीस पोस्टरं, तीन फोटोसेट (थेटराबाहेर लावायचे सिनेमातले फोटो) आणि गाण्यांच्या चोपड्यांचा एक जुडगा. बहुतेक माल रामसेंचा, म्हणजे भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंचा : 'दरवाज़ा', 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाज़ा'. एक 'बीस साल बाद'चं. लहानपणी मामाने मला 'पुराना मंदिर'चं पोस्टर उलगडून दाखवलं होतं आणि त्यातल्या सामरी या राक्षसाच्या डोळ्यांमुळे मी आठवडाभर चाळीतल्या कॉमन संडासात एकटा गेलो नव्हतो. तेच पोस्टर आता समोर आहे. विकायचं नाही, हे आधीच सांगतो. एकाने घरी येऊन सगळा लॉट उचलायची तयारी दाखवली, पण एकेक न बघता तो गठ्ठ्याच्या जाडीवरून भाव सांगायला लागला तेव्हा चहा पाजून वाटेला लावला.

आता अडचणी.

एक फोटोसेट पावसात भिजला असावा. सात-आठ चकचकीत फोटो एकमेकांना असे चिकटलेत की वीटच झालीय. कोपऱ्यातून नखाने जरा उचकटून पाहिलं तर वरच्या फोटोतल्या हवेलीचं छप्पर खालच्या फोटोच्या पाठीवर आलं. तिथेच थांबलो. वाफ द्यावी का? हेअर ड्रायर?

दुसरं, फाटलेल्या घड्यांना मागून सेलोटेप लावलीय. ती पिवळी पडून तिचं तेल पुढच्या बाजूला उतरलंय.

तिसरा माझाच मूर्खपणा. उत्साहाच्या भरात एक पोस्टर फ्रेमवाल्याकडे टाकलं. "सुरकुती राहणार नाही साहेब," म्हणाला, आणि खरोखरच राहिली नाही, कारण त्याने ते गरम प्रेसखाली बोर्डावर कायमचं चिकटवून वर लॅमिनेशन मारलं. आता ते पोस्टर सनमायकासारखं दिसतं. काही करता येईल का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एका पोस्टरवर नायिकेच्या अंगावर पांढऱ्या कागदाची आडवी पट्टी चिकटवलीय. बोटभर रुंद, कडा कात्रीने नीट कापलेल्या. उजेडात तिरकं धरलं की खळीचे ब्रशचे ओरखडे दिसतात. मामी सांगते, अशा पट्ट्या मामा स्वतः लावायचा. कुठे कुणी तक्रार केली की मालक पन्नास-पन्नास पट्ट्या कापायला बसवायचा. ही पट्टी काढावी का? खालचं चित्र पूर्ण दिसेल. पण हात धजत नाही.

शेवटचं, ही सगळी त्या काळचीच छपाई आहे हे कसं ओळखायचं? चोर बाजारात नव्या प्रिंटा चहाच्या पाण्यात बुडवून 'जुन्या' करतात असं ऐकतो.

प्रतिसाद :

फोटोंची वीट पहिल्यांदा बाजूला ठेवा आणि हात लावू नका. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो ओला झाला की फुगतो आणि वाळताना शेजाऱ्याला धरून बसतो. ड्रायरने तो आणखी घट्ट होईल, वाफेने रंग सुटेल. हे कागद-फोटो दुरुस्त करणाऱ्या कॉन्झर्वेटरचंच काम. फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. सेलोटेपही ओढू नका, कागदाचा पापुद्रा घेऊन येईल. लॅमिनेशनवाल्या पोस्टरला नमस्कार करा आणि भिंतीवर लावा, निदान बाकीच्यांना त्या वाटेने नेऊ नका. घड्यांची लाज बाळगू नका. अमेरिकेतली पोस्टरंसुद्धा ऐंशीच्या दशकापर्यंत बहुतेक घडी घालूनच थेटरांना जायची.

ट्रंक रिकामी करा. मधे घातलेली वर्तमानपत्रं आधी काढा, त्यांचं आम्ल पोस्टरांत उतरतं. डांबरगोळ्या नकोत. ॲसिड-फ्री कागद आणि पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. पीव्हीसीची, म्हणजे नव्या रेनकोटसारखा वास येणारी, अजिबात नाही. दिवाणाखाली फरशीचा ओलावा येतो आणि कसरही लागते, त्यामुळे आतल्या भिंतीच्या कपाटात मधल्या फळीवर ठेवा.

प्रतिसाद :

अस्सलपणाबद्दल : दहापट भिंग घ्या. ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके ओळीने, फुलासारख्या नक्षीत दिसतात. इंकजेटमध्ये, म्हणजे नव्या नकलेत, नुसता फवारा. मग पोस्टरची खालची कड वाचा, तिथे प्रेसचा पत्ता असतो. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. 'बीस साल बाद' १९६२चा, त्यामुळे त्यावर सहा आकडे असतील तर ते पुनःप्रदर्शनाचं पोस्टर. ते खोटं नव्हे, फक्त नंतरचं. इंग्रजी पत्त्यात 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' असेल तर बहुधा १९९५नंतरचं.

धागाकर्ता :

दोघांचेही आभार. आत्ताच भिंग घेऊन बसलो होतो. 'बीस साल बाद'वर सहा आकडे आहेत! जरासा हिरमोड झाला, पण मग मामाच्या वेळचंच ठरतं ते, त्यामुळे ठीक. 'पुराना मंदिर'वर 'बॉम्बे' आहे आणि ठिपक्यांची फुलं दिसतात. वीट आता सुती कापडात गुंडाळून ठेवलीय, सोमवारी फोर्टला फोन करतो.

पट्टीबद्दल कुणीच बोललं नाहीत?

प्रतिसाद :

पट्टी तशीच ठेवा हो. तिच्या खालचं चित्र त्या पोस्टरच्या दुसऱ्या प्रतीवर कुठेतरी सापडेल. खळ मैद्याची असल्यामुळे कसर आधी तिथेच येते, तेवढं दर महिन्याला बघत जा. आणि मामीला विचारून पाठीवर नको, वेगळ्या कागदावर लिहून ठेवा : पट्टी कुणी लावली, कुठल्या ऑफिसात, साधारण कधी.

धागाकर्ता :

मामीला फोन केला. ती म्हणाली, खळ ती घरी शिजवून द्यायची, किडीसाठी मोरचूद घालून. म्हणूनच बहुतेक कसर लागली नसावी.