मदत हवी आहे: सांडपाणी प्रकल्पात पैसे घालून भागीदार व्हावं का? नगरपालिका १५ वर्षं हप्ते देईल याची खात्री कशी करायची?

नमस्कार मंडळी,

आमची पाइपलाइन आणि पाण्याच्या टाक्यांची कामं करणारी छोटी फर्म आहे. मी आणि दादा मिळून चालवतो, कामं बहुतेक नगरपालिकांची आणि जीवन प्राधिकरणाची. आजवर आम्ही निव्वळ ठेकेदार. काम करायचं, एमबीत म्हणजे मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घ्यायची, बिल काढायचं आणि अनामत सुटेपर्यंत हेलपाटे घालायचे. यात पैसा अडकतो, पण किती अडकणार ते आधी माहीत असतं.

आता एक मोठी कंपनी आम्हाला भागीदारीत घ्यायला तयार आहे. शहर मध्यम, रोज २ कोटी लिटर म्हणजे २० एमएलडीचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प), आणि काम हॅम पद्धतीचं, म्हणजे हायब्रिड अ‍ॅन्युइटी. बांधकाम चालू असताना ४० टक्के रक्कम सरकारी बाजूने टप्प्याटप्प्याने मिळणार. उरलेले ६० टक्के आपण उभे करायचे, थोडं स्वतःचं भांडवल आणि बाकी बँकेचं कर्ज. ते १५ वर्षांत हप्त्यांनी व्याजासह परत मिळणार आणि प्रकल्प चालवण्याचा खर्च वेगळा. आमच्या वाट्याच्या भांडवलासाठी गावाकडची जमीन तारण ठेवावी लागेल. घरात सगळ्यांची झोप उडाली आहे ती त्यामुळे.

कंपनीचे लोक सारखा नमामि गंगेचा दाखला देतात. २०१७ मध्ये हरिद्वार आणि वाराणसीचे करार याच पद्धतीने झाले, प्रकल्प उभे राहिले, हे खरं आहे. पण तिथल्या करारात केंद्राचं राष्ट्रीय स्वच्छ गंगा मिशन स्वतः पक्षकार आहे आणि पैसे त्याच्याकडून येतात. आमच्याकडे हप्ता देणार नगरपालिका. ही पालिका पैसे बुडवेल असं मी म्हणत नाही, पण जिची पाणीपट्टीची वसुलीच रडतखडत होते ती दर सहामाहीला आमचा हप्ता कुठून काढणार?

दुसरी काळजी सांडपाण्याचीच. जवळच्या एका शहरात असाच प्रकल्प आहे, तो बघून आलो. यंत्रं चकचकीत, पण इनलेटच्या चॅनेलमध्ये पाणी जेमतेम घोट्याएवढं. भुयारी गटाराच्या वाहिन्या टाकून झाल्या आहेत, घरजोडण्याच झालेल्या नाहीत. लोक सेप्टिक टँक सोडून जोडणीला पैसे घालायला तयार नाहीत. म्हणून एक नाला अडवून तेच पाणी आत घेतात. ऑपरेटरने रजिस्टर उघडून दाखवलं: प्रकल्प २५० बीओडीसाठी (बीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, मिलिग्रॅम प्रति लिटर) बांधलेला, आणि नोंदी ऐंशी-नव्वदच्या. पावसाळ्यात त्याहून पातळ. जिवाणूंना खायला मिळत नाही, त्यामुळे प्रक्रिया नीट बसत नाही, असं तो म्हणाला. अशा वेळी दोष कोणाचा धरला जातो?

तमिळनाडूतल्या तिरुपूरचं वाचल्यापासून तर जास्तच विचार चालू आहे. भवानी नदीचं पाणी आणणारी १८५ एमएलडीची खासगी योजना, सुमारे हजार कोटींची. सगळा हिशोब कापड रंगवणारे कारखाने पाणी घेतील यावर. नोय्यल नदीच्या प्रदूषणामुळे जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद केले आणि गिऱ्हाईकच गेलं. पाइपलाइन ठणठणीत, कंपनी कर्जात. म्हणजे बांधकाम उत्तम करूनही माणूस बुडू शकतो.

ज्यांनी असे करार जवळून पाहिले आहेत त्यांनी कृपया सांगावं, मसुद्यात नेमकं काय बघायचं? आणि नाही म्हणायचं तर ते कुठल्या मुद्द्यावर?

प्रतिसाद १

मी नगरपालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. पालिकेकडे पैसा येतो, पण येण्याआधीच त्याची वाटणी ठरलेली असते. पगार, निवृत्तिवेतन, महावितरणचं बिल आणि मग ठेकेदार. तुमचा हप्ता त्या रांगेत कितवा, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही, मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात.

एस्क्रो खातं, म्हणजे हप्त्यांसाठी बँकेत वेगळं राखलेलं खातं, आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्यात कुठलं उत्पन्न जमा होणार आणि ते आधी तिथे जाणार की पालिकेच्या मुख्य खात्यातून उरलं तर जाणार, ते बघा. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी ७.५९ टक्के दराने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, तेव्हा परतफेडीसाठी मालमत्ता कराचं उत्पन्न बांधून दिलं होतं. रोखे घेणाऱ्या मोठ्या संस्था एवढं मागतात, तर जमीन तारण ठेवणाऱ्याने का मागू नये? वित्त आयोगाच्या अनुदानातला बंधित भाग स्वच्छता-पाण्यासाठीच असतो, पण आयोगाची मुदत पाच वर्षांची आणि तुमचा करार १५ वर्षांचा.

सर्वसाधारण सभेचा ठराव झाला आहे का आणि त्यात मलनिस्सारण कराची वाढ धरली आहे का, तेही तपासा. ती नसेल तर पुढच्या निवडणुकीआधी कोणीही वाढवणार नाही. राज्य सरकारची हमी मिळत नसेल तर मी तरी जमीन लावणार नाही.

प्रतिसाद २

मी प्रक्रिया अभियंता आहे, विदर्भात काम केलं आहे. तुमचा घरजोडण्यांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. वाहिन्या आणि जोडण्या कोणाच्या अंगावर आहेत? पालिकेच्या असतील तर सांडपाणी कमी आलं तरी भांडवली हप्ता पूर्ण मिळाला पाहिजे, हे कलम हवंच. येणाऱ्या पाण्याच्या गुणवत्तेला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा हव्यात. मसुद्यात बहुधा फक्त वरची असते.

आणखी एक. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी महानगरांत २० आणि इतरत्र ३० होता. एप्रिल २०१९ मध्ये हरित लवादाने तो १० वर आणायला सांगितलं. १५ वर्षांत असं पुन्हा होईल. नियम बदलल्यामुळे वाढणारा खर्च कोण देणार, ते कलम शोधा. विजेचंही तसंच. किती युनिट लागतील याची हमी तुम्ही द्या, दरवाढ पालिकेने सोसावी.

शक्य असेल तर प्रक्रिया केलेल्या पाण्याला गिऱ्हाईक शोधा. नागपूरच्या भांडेवाडीचं पाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जातं, तिथे पैसे देणारा पालिकेबाहेरचा आहे. पण तिरुपूर विसरू नका. एकच गिऱ्हाईक असेल तर त्याच्यावरही प्रदूषणाची टांगती तलवार आहे का ते बघा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मसुदा रात्री पुन्हा वाचून काढला. एस्क्रोचं कलम आहे, पण त्यात "उपलब्ध निधीतून" असे शब्द आहेत. घरजोडण्या पालिकेकडे आहेत, मात्र सांडपाणी ठरलेल्याच्या ६० टक्क्यांखाली गेलं तर भांडवली हप्ताही त्याच प्रमाणात कापणार. नियम बदलाचं कलम सापडलंच नाही. दादाशी बोललो. ही तीन कलमं बदलली नाहीत तर आम्ही भागीदार होणार नाही, फक्त पाइपलाइनच्या कामाचे उपठेकेदार म्हणून दर देऊ, असं कंपनीला सोमवारी कळवतोय.

एक राहिलं. या शहरातल्या घरजोडण्यांचा खरा आकडा माहिती अधिकारात मागायचा आहे. तो पाणीपुरवठा विभागाकडे मागू की बांधकाम विभागाकडे? आणि अर्जात काय शब्द वापरले म्हणजे "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं उत्तर येणार नाही?

प्रतिसाद १

अर्ज नगरपालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. विभाग चुकला तरी कलम ६(३) खाली पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. आकडा मागू नका, कागद मागा: जोडणी मंजुरीची नोंदवही, ठेकेदाराला दिलेल्या शेवटच्या देयकासोबतचं मोजमाप, आणि मलनिस्सारण कराच्या मागणी रजिस्टरचा गोषवारा. तिन्ही समोर ठेवले की आकडा तुमचा तुम्हालाच काढता येईल. नोंदवही प्रत्यक्ष बघायला मिळावी, असंही त्याच अर्जात लिहा.