जुने रॉक कॉन्सर्ट : शूटिंग झालंच नाही, की झालेलं जपलं नाही?

नवीपेठकर (धागाकर्ता)

रविवारी पार्क चौकात चहा पिताना मित्राशी जुंपली. तो म्हणाला, "साठ-सत्तरच्या दशकातल्या ज्या कॉन्सर्टचं शूटिंग झालं, ते सगळं यूट्यूबवर आलंय. जे दिसत नाही, ते कुणी घेतलंच नव्हतं."

मला हे अजिबात पटत नाही. १९६९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये झालेल्या मैफली हॅल टल्चिनने टेपवर घेतल्या. सुमारे ४० तास! स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, बी. बी. किंग. त्याच उन्हाळ्यातल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाचा चित्रपट १९७० मध्ये थिएटरात लागला आणि नाव जगाच्या तोंडी बसलं. हार्लेमच्या टेपा मात्र पन्नासेक वर्षं तळघरात पडून. २०२१ मध्ये त्यांतून माहितीपट निघाला, पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. २०१० मध्ये माझ्या मित्राने शोधलं असतं तर 'शूटिंगच नाही' म्हणून मोकळा झाला असता.

हिशेबी_माणूस

तो मित्र मीच. एक उदाहरण सांगून भागत नाही, आकडे बघ. १६ मिमी फिल्मचं ४०० फुटी रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. दोन तासांच्या कार्यक्रमाला एका कॅमेऱ्याला अकरा रिळं, चार कॅमेऱ्यांना चव्वेचाळीस. वर धुलाई, आवाज जुळवणं, संकलन. हा खर्च कोण करणार? ज्याला चित्रपट विकायचाय तोच. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे पेज आणि प्लँट मुंबईच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवून गेले. त्या अंधाऱ्या डिस्कोत कोण कॅमेरा आणि दिवे लावून बसलं असेल? बहुतेक कार्यक्रम असेच हवेत विरले. हळहळ समजू शकतो, पण जे नव्हतंच ते हरवलं कसं म्हणायचं?

नवीपेठकर

स्लिप डिस्कचं मान्य. पण २६ मार्च १९८०ला 'द पोलीस' मुंबईच्या रंगभवनात वाजवत होते, तेव्हा बँडच्या जगदौऱ्याचं शूटिंग चालू होतं. त्या माहितीपटात मुंबई आहे. आपल्याकडचं काहीच घेतलं गेलं नाही, असं सरसकट नको म्हणूस.

कॅसेटवाला

मी सोलापुरात बरीच वर्षं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग केलंय, म्हणून लिहितो. तुम्ही दोघं रिळाचं बोलताय, खरा घात टेपने केला. रीळ एकदाच वापरता येतं. टेपवर पुन्हा घेता येतं आणि तिथेच माती होते. बीबीसीची दोन इंची टेप महाग होती, म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्यावर नवे घेतले. 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमाचे किती तरी भाग असेच गेले. जानेवारी १९७३ मधलं गायक डेव्हिड बोवीचं 'जीन जिनी' हे गाणं त्यातलंच. ते वाचलं, कारण जॉन हेन्शॉल या कॅमेरामनने स्वतःसाठी एक प्रत काढून घेतली होती. २०११ मध्ये ती पुन्हा टीव्हीवर दिसली. एका माणसाच्या हौसेने वाचलं.

आपल्याकडेही तेच. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीला एक चिमुकली प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडली की त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. एका मंडळाला गणपतीतल्या ऑर्केस्ट्राची कॅसेट मी पट्टी मोडून दिली होती. गिटारवाला पोरगा असा वाजवायचा की लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. दोन वर्षांनी प्रत काढायला मागितली, तर खाचेवर सेलोटेप चिकटवलेली आणि आत क्रिकेटची मॅच. मी तिथेच बसून राहिलो हो.

उरलेल्या माझ्याकडे, पत्र्याच्या खोलीत. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला ठाऊक आहेच, मग पावसाळ्याची ओल. परवा एकीचं झाकण उचललं, तर टेपच्या कडेने पांढरी बुरशी, पीठ भुरभुरल्यासारखी.

वालचंदची_माजी_विद्यार्थिनी

वेगळं मत मांडते. रॉक ऐकायची गोष्ट आहे, आवाज वाचला की खूप वाचलं. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडने श्रोत्यांना रेकॉर्डिंग करू दिलं, १९८४ पासून तर त्यांना वेगळी जागाच दिली. म्हणून त्यांचे शेकडो कार्यक्रम आज ऐकता येतात. चित्रासाठी एवढा जीव कशाला टाकायचा?

कॅसेटवाला

ताई, त्या पोराचं डोळे मिटून मान मागे टाकणं आवाजात कुठे येणार? त्याच्या आईने मागितली होती ती प्रत.

हिशेबी_माणूस

माझं मत कायम आहे : बहुतेकांचं शूटिंग झालंच नाही. पण कॅसेटवाले काका, तुमच्याकडच्याचं झालंय ना. नवे व्हीसीआर बनणं २०१६ मध्येच थांबलं, आमच्या घरी एक चालू स्थितीत आहे. घेऊन येऊ का?

कॅसेटवाला

या की! पण बुरशीची आधी लावायची नाही, मशीनचं हेड जाईल आणि मग चांगल्याही खराब होतील. स्वच्छ असतील त्या आधी. आणि प्रत्येकीची पट्टी मोडलीय का ते बघूनच आत घालायची.