अनुभव धागा: कोरियात रोजचं जेवण, रोजचं राहणं

मार्च आणि सप्टेंबरात इथल्या विद्यापीठांची सत्रं सुरू होतात, आणि त्याच्या महिनाभर आधी माझा फोन वाजायला लागतो. कुकर आणू का? हिंग मिळतं का? शाकाहारी माणसाचं कसं होणार? एकेकाला सांगण्यापेक्षा सगळ्यांनी इथेच लिहा. 'देश सुंदर, माणसं प्रेमळ' हे पर्यटकांसाठी ठेवू. काय अडलं, काय जमलं, ते येऊ द्या.

सुरुवात माझ्यापासून. तूरडाळ, पोहे, आटा, हिंग हे सगळं सोलमध्ये इतेवॉनला मशिदीच्या चढावरच्या दुकानांत मिळतं, त्याने बॅग भरू नका. कुकर आणा, पण इंडक्शनच्या बुडाचा; बऱ्याच वन-रूममध्ये गॅस नसतोच आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. मिक्सरची तीन पिनांची वायर इथल्या सॉकेटात जात नाही, तेव्हा अडॅप्टर हवा. आणि परदेशी नोंदणी कार्डाला ९० दिवसांची मुदत असली तरी आल्या आल्या अर्ज करून टाका. ते हातात येईपर्यंत बँक, फोन, ऑनलाइन खरेदी सगळं लटकलेलं राहतं.

देजॉन, संशोधक

मी मावळातला, इंद्रायणीवर वाढलेला. बासमतीवाले मित्र इथल्या चिकट भाताला नाकं मुरडत होते तेव्हा मी दुसरी वाटी घेत होतो. अडचण भाताची नाही, सोबतच्या गोष्टींची. मी शाकाहारी. किमचीत (आंबवलेल्या तिखट भाजीत) बहुतेकदा माशाचा खारवलेला अर्क किंवा खारवलेली कोळंबी असते. तोएनजांगच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) रश्शात मेल्ची, म्हणजे सुकी बारकी मासळी, उकळलेली असते. 'गोगी प्पेगो जुसेयो' (मांस वगळून द्या) म्हटलं की लोक मनापासून वगळतात, पण हॅम किंवा टूना मांसात मोजायचं की नाही यावर त्यांचं वेगळं मत असू शकतं! म्हणून वस्तूंची नावं घेऊन सांगावं. बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण मिळालं तर डोळे मिटून खा. त्यात कांदा-लसूणही नसतो. महाग असतं, एवढंच.

लॅबच्या पार्ट्यांची धास्ती घेऊ नका. टेबलावर डुकराचं मांस भाजलं जातं, मी पानात भात, लसूण आणि मिरची गुंडाळून खातो. दारूऐवजी सायदा (लिंबाच्या चवीचं गोड सोडा-पेय). प्राध्यापकांच्या पेल्यात दोन्ही हातांनी बाटली धरून ओतलं की पुढे आपण काय पितो ते कोणी बघत नाही.

सुवोन, दुसरीतल्या मुलीची आई

शाळेचं जेवण या विषयावर मी प्रबंध लिहू शकते. महिन्याचा मेन्यू आधीच येतो आणि प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे असतात. ते ॲलर्जीचे आकडे: १ अंडं, ९ कोळंबी, १० डुकराचं मांस, १५ कोंबडी, १६ गोमांस, असे १९ पर्यंत. आमची मुलगी अंडं खाते, मांस-मासे नाही. मी लाल पेन घेऊन बसायचे, १०, १५, १६ दिसले की काट. काही दिवशी भात, किमची आणि फळ एवढंच उरायचं. मग लक्षात आलं की मेल्चीला आकडाच नाही. म्हणजे ज्या सुपावर काट नव्हती त्यातही मासळीचं पाणी असणारच. यादी ॲलर्जीवाल्या मुलांसाठी आहे, आपल्या पथ्यासाठी नाही, तेव्हा तक्रार तरी काय करणार?

शेवटी ठरवलं, तुकडा दिसत नसेल तर चालेल. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

घरी उलटं झालंय. ती वरणभाताचा घास 'किम'च्या, म्हणजे भाजलेल्या समुद्री शेवाळाच्या, चौकोनी पानात गुंडाळून चॉपस्टिकने खाते. वर तूप मागते.

कोजे, जहाजबांधणी

शाकाहारी मंडळींचं दुःख कळतं, पण आम्ही मालवणचे, आमची चंगळ आहे. भाजलेला गोदुंगओ खा, बांगड्याचा थोरला भाऊ. फक्त मीठ लावून भाजतात, मसाला नाही. पहिल्यांदा फिका वाटतो. तिरफळ आणि आगळ घरून आणतो. ताजी फळं मात्र बॅगेत घालू नका, विमानतळावर काढून घेतात. सामानासाठी रविवारी किमहेला जातो, तिथल्या परदेशी बाजारात डाळी, मसाले सगळं मिळतं. दक्षिणेकडच्यांनी सोल गाठायची गरज नाही.

सध्या पुणे, आधी सोल

सगळे जमलं-जमलं लिहितायत म्हणून लिहितो. मला नाही जमलं. एकट्या माणसाला बऱ्याच भाजण्याच्या हॉटेलांत घेत नाहीत, किमान दोन जणांची ऑर्डर लागते. मग रोज दुकानातला त्रिकोणी किमबाप, म्हणजे शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात. घरी फोडणी दिली की घरमालकाचा मेसेज: वास. खिडकी उघडावी तर बाहेर उणे दहा. कंत्राट संपलं, परत आलो. पश्चात्ताप नाही. जमिनीखालून गरम होणारं ते घर मात्र पुण्याच्या डिसेंबरात आठवतं.

बुसान

वरच्यांना: एकट्याने गुकबाप (रश्शातला भात) किंवा कालगुक्सूच्या (रश्शातल्या नूडल्सच्या) दुकानात जावं, तिथे कोणी विचारत नाही. (शाकाहारींनी नाही.)

मला गणपतीचं सांगायचंय. २०२४ साली छुसॉक (इथला सुगीचा सण) आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, १७ सप्टेंबरला. शेजारच्या आजींनी सोंगप्योन आणून दिले: तांदळाची पारी, आत तीळ-साखर, पाइनच्या पानांवर वाफवलेले. मी मोदक दिले. आजींनी मोदक तळहातावर फिरवून प्रत्येक कळी निरखली, मग कळ्या कशा पाडतात ते दाखवायला लावलं. मोदकाच्या पिठाच्या पाकिटावर 'मेप्सल' (साधा तांदूळ) बघून घ्या. 'चाप्सल' चिकट तांदळाचं, त्याची पारी उभीच राहत नाही.

देगू, नवीन

कचऱ्याचं कोणी लिहिलं नाही. ओला कचरा वेगळा हे ठीक, पण कांद्याची सालं, अंड्याची टरफलं आणि हाडं ओल्यात चालत नाहीत म्हणे? आणि दही कसं लावता? इथलं दही गोड लागतं.

सुवोन, पुन्हा मीच

बरोबर ऐकलंत. जे जनावराला खायला घालता येत नाही ते साध्या कचऱ्यात, आणि साधा कचरा आपल्या भागाच्या विकतच्या पिशवीतच. मोठ्या इमारतींत ओल्या कचऱ्याचा डबा वजन करून पैसे लावतो, तेव्हा पाणी निथळून टाका.

दह्यासाठी बिनसाखरेचं दही बघून घ्या, त्याचं विरजण लागतं. हिवाळ्यात पातेलं झाकून, टॉवेलमध्ये गुंडाळून गरम जमिनीवर ठेवा, सकाळी घट्ट. उन्हाळ्यात ओट्यावरच लागतं. देगूत विरजण नाही मिळालं तर पत्ता कळवा, कुरिअरने दुसऱ्या दिवशी पोचेल.