मदत हवी आहे: पहिला इलेक्ट्रिक अपराइट बास, बजेट साठ हजार, मुक्काम नाशिक

राम राम मंडळी,

बारा वर्षं बास गिटार वाजवतोय. पोटापाण्यासाठी अंबडला टूलरूममध्ये आहे, वाजवणं शनिवार-रविवारचं. आमचा सहा जणांचा ग्रुप जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करतो. ज्येष्ठ नागरिक संघ, गणपतीचे दहा दिवस, आणि नशीब जोरावर असलं तर कालिदास कलामंदिर.

पन्नास-साठच्या दशकातल्या गाण्यांत खाली जो गोल, उमटून लगेच विरणारा आवाज आहे, तो डबल बासचा, म्हणजे व्हायोलिनच्या माणसाएवढ्या उंच, उभ्याने वाजवायच्या भाऊबंदाचा. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याकडच्या वादकांनी तो किती सहज वाजवलाय! मी बास गिटारच्या ब्रिजपाशी (घोडीपाशी) तारांखाली स्पंजचा तुकडा खुपसून त्याच्या आसपास पोचतो. आसपासच. गेल्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मध्यंतरात येऊन सांगितलं, "बाकी झकास, पण खालचा आवाज प्लास्टिकचा वाटतो." ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

खरा डबल बास इंदिरानगरच्या वन बीएचकेत आणला तर मला जिन्यात झोपावं लागेल. त्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि खालचे काका नऊला झोपतात. म्हणून इलेक्ट्रिक अपराइट, म्हणजे मोठ्या पोकळ पेटीविना तोच उभा बास, हेडफोन लावून वाजवता येईल असा.

यामाहाचा सायलेंट बास बघून हात जोडले. एनएस डिझाइनचा सगळ्यात स्वस्त वेव्ह परदेशातच हजार डॉलरच्या वर आहे. भाडं, कस्टम, जीएसटी धरून तो लाखाच्या पुढेच जाणार. राहिला जुना माल. पुण्यात एका गृहस्थांकडे बिननावाचा चिनी बनावटीचा एक आहे, बेचाळीस हजार सांगतायत. बघून आलो. दहा मिनिटं वाजवला तर बोटं काळी झाली, म्हणजे फिंगरबोर्डचा (तारा जिच्यावर दाबतात त्या पट्टीचा) रंग हाताला लागतो. जी (G), म्हणजे सगळ्यात पातळ तार, वरच्या अंगाला झणझणते. आणि त्यांच्या कीबोर्ड अँपमधून आवाज आला तो डब्यात खडे हलवल्यासारखा.

घ्यावा का? की थांबून पैसे साठवू? पुन्हा जाऊन काय तपासू?

गावठी_जॅझ:
आधी आवाजाचं, कारण त्यावरून लोक चांगली वाद्यं नाकारतात. ब्रिजमध्ये पिएझो पिकअप, म्हणजे थरथरीची वीज करणारा तुकडा, असणार. त्याला समोर एक मेगाओहम किंवा त्याहून जास्त रोधाचा इनपुट लागतो. कीबोर्ड अँपचा लाइन इनपुट त्याच्या कितीतरी खाली असतो, आणि अशा वेळी सगळ्यात आधी गळतात ते खालचे सूर. उरतो नुसता टकटकाट. मध्ये पिएझोसाठीचा प्रीअँप (अँपच्या आधी सिग्नल जुळवून देणारी छोटी पेटी) टाका, तेच वाद्य वेगळं वाटेल. अकूस्टिक गिटारवाल्या कुणाकडे तो असतोच, मागून न्या. मात्र खुली ई तार ४१ हर्ट्झची आहे. घरगुती छोट्या स्पीकरकडून ती ऐकायची अपेक्षा ठेवू नका.

काळी बोटं म्हणजे फिंगरबोर्ड एबनीचा (कठीण काळ्या लाकडाचा) नाही, मऊ लाकूड रंगवलंय. जीव जात नाही त्याने. पण स्टीलच्या तारा अशा लाकडात चर पाडतात, म्हणून तारांखाली बॅटरी आडवी धरून बघा. झणझण कशामुळे ते मात्र शोधलंच पाहिजे. जी तार नटजवळ (वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीजवळ) आणि फिंगरबोर्डच्या शेवटी अशी दोन्हीकडे दाबा. मधोमध एक-दोन मिलिमीटर फट दिसायला हवी. तुम्ही टूलरूमवाले, फीलर गेज खिशात असेलच! फटच नसेल तर तिथे उंचवटा आहे. रंधून सपाट करता येतो, पण रंगवलेल्या लाकडाचा खालून पांढरा पट्टा निघतो, तो परत रंगवावा लागेल.

पोकळ_बांबू:
एवढा खटाटोप कशाला? फ्रेटलेस (नेकवर फ्रेटच्या आडव्या पट्ट्या नसलेली) बास गिटार घ्या, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा चढवा, वीस-पंचवीस हजारांत काम होईल. आजोबांना काय कळणार आहे?

धागाकर्ता:
बांबूभाऊ, कळलं म्हणूनच तर हा धागा काढला ना! फ्रेटलेस मित्राची वाजवून पाहिलीय. तिचा सूर लांबत जातो, गातो. मला न गाणारा हवाय.

सुतारपक्षी:
सातपूरला ओळखीचे मिस्त्री आहेत, सागवानी फळी उभी करून चार खुंट्या मारतील. पंधरा हजार. विनोद नाही करत.

गावठी_जॅझ:
पक्षीराज, चार तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या पुढे जातो. मिस्त्रींची फळी पहिल्या पावसाळ्यात धनुष्य होईल. वर फिंगरबोर्डला गोलाई लागते, ती रंध्याने अंदाजे मारून चालत नाही.

मंद्र_सप्तक:
मी डबल बास शिकवायचे, आता पाठ परवानगी देत नाही. सगळे लाकडाबद्दल बोलताय, हाताबद्दल कुणीच नाही.

धागाकर्ते, तुमच्या गिटारची तार ३४ इंची असेल. याची ४१-४२ असायला हवी. ई तारेवर एफ ते जी एवढं अंतर गिटारवर साधारण नऊ सेंटिमीटर, तर ४२ इंचांवर अकरा. एका फ्रेटला एक बोट ही सवय घेऊन इथे आलात तर महिन्याभरात मनगट धरून बसाल. खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तिसरं चौथ्याला आधार द्यायला. अंगठा नेकच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर. जोर बोटांच्या चिमटीतून काढायचा नाही, दंडाचं वजन तारेवर सोडायचं. पहिले पंधरा दिवस वीस मिनिटांच्या वर वाजवू नका, मोह झाला तरी.

म्हणून टेप घेऊन जा आणि नट ते ब्रिज मोजा. ३४ इंच भरलं तर ती उभी केलेली बास गिटार आहे, परत या.

आणखी एक. डबल बासवर नेक जिथे अंगाला मिळते तिथे हात आपोआप अडतो, आणि त्या जागी जी तारेवर पहिल्या बोटाखाली डी किंवा ई फ्लॅट येतो. डोळे मिटून सापडणारी ती एकच जागा. काठीसारख्या वाद्यांत ती नसली की वादक कायम मानेत वाकून खुणा बघत बसतो. तुमच्या वाद्याला तिथे खांदा आहे का ते बघा. नसेल तर मी त्यासाठी पाच हजार कमी देईन.

पोकळ_बांबू:
ताई, मी माझे शब्द मागे घेतो. मला तर ३४ इंचच झेपत नाहीत.

धागाकर्ता:
रविवारी जाऊन आलो, लिहायला उशीर झाला.

नट ते ब्रिज १०५ सेंमी भरलं, म्हणजे ताईंच्या परीक्षेत पास. नेकला खांदा आहे, तिथे पहिल्या बोटाखाली डी आला, ट्यूनर लावून खात्री केली. ई तारेखाली मिलिमीटरभर फट निघाली, जी तारेखाली फीलर गेजची सगळ्यात पातळ पातही शिरेना. गृहस्थ माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्या घराचा पंचनामा करतोय. ब्रिजला उंची बदलायची चाकं आहेत. जी तारेची बाजू दोन फेरे वर घेतली तर झणझण गेली, पण तार बोटाला जड झाली. म्हणजे रंधावं लागणारच.

ग्रुपमधल्या गिटारवाल्याचा प्रीअँप नेला होता. तो लावून खुली ए छेडली आणि गृहस्थच म्हणाले, "अरेच्चा, हा असा वाजतो होय!" माझ्या तोंडून निघायला नको होतं ते निघालं, "हो ना, सुंदर आहे." झालं, घासाघीस तिथेच निम्मी मेली. उंचवटा आणि रंग दाखवून छत्तीसवर आणलं. उरलेल्या चोवीसमध्ये प्रीअँप, फिंगरबोर्डचं काम, आणि जमल्या तर बऱ्यापैकी तारा.

मंद्र_सप्तक:
तारा सगळ्यात शेवटी, आणि हलक्या ताणाच्या. पिकअप पिएझोच आहे ना नक्की? मॅग्नेटिक असेल तर नायलॉनच्या तारांचा आवाजच येणार नाही, स्टीलच लागतील. बो चा (गजाचा) विचार वर्षभर करू नका.

धागाकर्ता:
पिएझोच आहे ताई. बो नाही, शब्द दिला.

वाद्य मित्राच्या गाडीत पुढची सीट आडवी पाडून आणलं, चंदनापुरी घाटात प्रत्येक वळणाला मागे हात घालून नेक धरली. पिशवी मिळाली नाही सोबत. आईने दारातच ते उभं धरून बघितलं, ब्रिजवर बोट ठेवून विचारलं, "ही घोडी सरकत नाही का रे?" मग तिच्या तानपुऱ्याची जुनी गवसणी काढली, मापाला लावली, दीड हात कमी पडली. आता ती रविवार कारंजाला अस्तराचं कापड बघायला निघालीय आणि मला विचारतेय, खालच्या टोकाला जे लोखंड आहे त्याला भोक ठेवायचं की नाही. टोकाचा खिळा आत ढकलता येतो, पण पूर्ण जात नाही, दोन इंच बाहेर राहतो. कुणी शिवून घेतलीय का अशी गवसणी? तळाला काय लावलंत, चामडं की रेक्झिन?