डब्यातलं टोमॅटो सूप ‘ताज्यापेक्षा पौष्टिक’? आधी डबा फिरवून मागचं वाचा

कैरीपन्हं
परवा ‘पोटोबा’ यांनी लिहिलं की डब्यातलं टोमॅटो सूप ताज्या टोमॅटोपेक्षा पौष्टिक, लायकोपिन (टोमॅटोला लाल करणारं रंगद्रव्य) जास्त, तेव्हा थंडीत पोरांना रोज एक डबा गरम करून द्या आणि निवांत व्हा. तिथेच दोन ओळी खरडणार होते, पण रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

मी न्यूजर्सीत राहते. इथलं कॅमडेन हे या डब्याचं माहेर. १८९७ साली कॅम्बेल या सूप कंपनीच्या जॉन डॉरन्सने सुपातलं पाणी कमी करून दाट सूप डब्यात भरलं, घरी तेवढंच पाणी घालून उकळायचं. माझ्याही फडताळात दोन डबे आहेत, एक आत्ता हातात आहे. अर्धा कप दाट सुपाला ४८० मिलिग्रॅम सोडियम, वरून घातलेली साखर ८ ग्रॅम. पण डब्यात असे अर्धे कप अडीच! ते बारीक अक्षरात. म्हणजे अख्ख्या डब्यात १२०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच ३ ग्रॅम मीठ, आणि चार-चार ग्रॅमचे पाच चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅम मीठ सांगते. आणि हे पोरांना रोज द्यायचं?

दोन वर्षांमागे आई इथे आली होती. बाहेर बर्फ, दाताचा त्रास, त्यामुळे दुपारी सूप. महिनाभरात पायांवर सूज, बीपी वर. डॉक्टरांनी विचारलं, खाता काय? आई म्हणाली, ‘काही नाही हो, नुसतं सूपच.’

पोटोबा
माझ्या नावाने धागा! धन्य झालो. ‘निवांत व्हा’ गमतीत होतं, पण मुद्दा गमतीचा नव्हता. १९९७ साली जर्मनीत लोकांना ताजे टोमॅटो आणि टोमॅटोची पेस्ट देऊन रक्त तपासलं. पेस्टमधलं लायकोपिन जास्त उतरलं. शिजवल्यावर पेशी फुटतात आणि ते मोकळं होतं. सूप पेस्टचंच असतं. आईंच्या पायांबद्दल वाईट वाटलं, पण एका आईवरून अख्ख्या डब्याला फाशी?

दोन_घोट
पोटोबा, त्या प्रयोगात दोन्हींबरोबर मक्याचं तेल दिलं होतं, ते बरं विसरलात. लायकोपिन स्निग्धात विरघळतं. तुमच्या डब्यात फॅट किती? माझ्याकडच्या डब्यावर शून्य लिहिलंय. त्यापेक्षा आपलं सार बघा: टोमॅटो शिजलेला, वर तुपाची जिरं-हिंगाची फोडणी.

आणि क जीवनसत्त्व? कच्च्या टोमॅटोत शंभर ग्रॅमला साधारण १४ मिलिग्रॅम, त्यातलं बरंच उकळताना जातं. मग डब्यात वरून एस्कॉर्बिक ॲसिड घालायचं आणि छातीठोकपणे सांगायचं, बघा, क जीवनसत्त्व!

पोटोबा
डब्यात लोण्याचा गोळा टाकायला कुणी बंदी केलीय का? आणि साराला उकळी येताना क जीवनसत्त्व काय आत दडून बसतं?

शिवारातून
इथे सगळे साराच्या गप्पा मारताय म्हणून राहवलं नाही. मी नारायणगावकडचा. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट दोन हजारांवर गेला तेव्हा हीच मंडळी चिंच घालून सार करत होती आणि आम्हाला लुटारू म्हणत होती. सप्टेंबरात भाव असे पडले की तोडणीची मजुरी सुटेना. माझे चाळीस क्रेट बांधावर ओतले, जनावरांनीसुद्धा तोंड फिरवलं. तेव्हा कुणी विचारलं नाही, दादा, तुमच्या लायकोपिनचं काय झालं?

डबेवाल्यांना लागतो तो टोमॅटो वेगळा, गर जास्त, पाणी कमी. आमच्याकडे लावतात ते जाड सालीचं, दिल्लीपर्यंत टिकणारं वाण. कारखाना जवळ असता आणि वाण त्याच्यासाठी लावलं असतं तर डबा काही वाईट नाही. वाईट म्हणायला आधी आपल्याकडे डबा पाहिजे ना! इथे लोक पाकिटातली पावडर पितात.

कैरीपन्हं
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण धागा पौष्टिकतेचा आहे.

शिवारातून
ताई, पौष्टिकता मातीतून येते, लेबलातून नाही. चालू द्या तुमचं.

तिखटजाळ
सार म्हणजे पुण्याचं ना? गुळाचा पाक, त्यात लाजेपुरता टोमॅटो. आणि हे लोक सुपातली साखर मोजणार!

दोन_घोट
गुळाचा खडा आंबटपणा मोडायला असतो. ज्यांच्या जिभेला मिरचीखेरीज दुसरं काही कळत नाही त्यांना कसं समजावणार?

तिखटजाळ
आमच्या कोल्हापुरात टोमॅटो आंबट लागतो, कारण तो आंबट असतो. त्याला आंबटच राहू द्यायचं.

सोलकढी
गूळ नको, साखर नको. नारळाचं दूध घाला, आंबटपणा आपोआप बसतो. आमच्या सावंतवाडीकडे साराला नारळाचं दूध नसेल तर त्याला नुसतं पाणी म्हणतात.

दोन_घोट
नारळाचं दूध घातलं की ते सार नव्हे.

सोलकढी
मग काय, आमच्या आज्या शंभर वर्षं काय करत होत्या? तुमच्याकडे नारळ महाग म्हणून तुम्ही गूळ घातला आणि त्याला परंपरा म्हटलं. राग येणार, माहीत आहे.

दोन_घोट
राग नाही आला. कीव आली.

पाववाटी
धागा सुपावरून सारावर, सारावरून नारळावर. छान. मी एक आगाऊपणा केला. काल आमच्याकडे सार होतं, चार माणसांचं. मी मीठ वजनकाट्यावर ठेवलं. ‘अंदाजाने’ घातलेलं मीठ ६ ग्रॅम निघालं. म्हणजे वाटीला दीड ग्रॅम, सोडियम ६०० मिलिग्रॅम. गुळाचा लिंबाएवढा खडा ३२ ग्रॅम. म्हणजे वाटीला आठ ग्रॅम.

कैरीपन्हंताई, तुमचा डब्याचा आकडा परत सांगता का? ४८० आणि ८ ना?

पोटोबा
🍿

कैरीपन्हं
वाचलं. काटा घरी आहेच, आजच करून बघितलं. माझं साडेपाच ग्रॅम भरलं. ठीक आहे. मिठाच्या बाबतीत माझं सार काही देवळातला प्रसाद नाही, मान्य. पण सार वाटीभर भातावर घेतात हो, डबा मात्र माणूस एकटाच संपवतो. अडीचने गुणा. आणि सारातलं मीठ उद्यापासून मी कमी करू शकते. डब्यातलं काढायला कुणाकडे जाऊ?

पोटोबा
कमी मिठाचा डबा मिळतो की त्याच फडताळात. पण हे ‘अडीचने गुणा’ मान्य. डबा एकट्याने संपवणाऱ्यांत मीही आहे. लिहिताना हा हिशेब केला नव्हता. ‘रोज’ हा शब्द मागे घेतो. ‘पौष्टिक’ नाही घेत.

निवृत्त_औषधवाला
कमी मिठाचा डबा घेताना घटकांत पोटॅशियम क्लोराइड आहे का बघा. खारटपणासाठी घालतात. धडधाकट माणसाला चालतं. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम रक्तात साठतं. कैरीपन्हं, आईंसाठी आणाल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकी, डब्याच्या आतल्या अस्तराबद्दल कुणी बोललंच नाही. २०११ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी पंचाहत्तर जणांना पाच दिवस डब्यातलं सूप दिलं तर लघवीतलं बीपीए (अस्तरात वापरायचे ते रसायन) दहापटीहून वाढलं. आता बऱ्याच डब्यांना अस्तर वेगळं असतं, तरी ते काय आहे हे लेबलावर क्वचितच सापडतं.

पोटोबा
आता अस्तर! काका, जेवू द्या.

कैरीपन्हं
काका, पोटॅशियमचं खरंच माहीत नव्हतं. आईच्या गोळ्यांची यादी काढते.

तिखटजाळ
पाववाटी, गुळाशिवाय मोजलं असतं तर शून्य आलं असतं. एवढंच म्हणतोय.

सोलकढी
दोन_घोट, एकदा करून तर बघा. फोडणी दिलेला टोमॅटोचा रस आधी नीट उकळा, मग आच बारीक करून दूध घाला आणि उकळी येऊ देऊ नका, फाटतं.

दोन_घोट
दाट दूध घालायचं की दुसरं?

सोलकढी
दुसरं आधी. दाट अगदी शेवटी.