वॉटपेक्षा तोंडाची उंची बघा
व्हॅक्यूम क्लीनरमध्ये जास्त वॉटची मोटर म्हणजे जास्त स्वच्छ गालिचा, हे गणित मला पटत नाही. वॉट म्हणजे मोटर खाते ती वीज. गालिच्याच्या मुळाशी रुतलेली वाळू सुटते ती फिरत्या ब्रशने, मग हवा ती उचलून नेते. अमेरिकी संशोधक जेम्स स्पँगलरच्या १९०८ सालच्या पेटंटमधल्या व्हॅक्यूम क्लीनरमध्येही पंख्याच्या जोडीला फिरता ब्रश होताच.

तोंडाच्या, म्हणजे गालिच्यावरून फिरणाऱ्या ब्रशच्या भागाच्या, उंचीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ते फार खाली ठेवलं की गालिच्याला चिकटतं, हवेचा प्रवाह गुदमरतो, ब्रश अडतो आणि तो फिरवणारा पट्टा घसरून जळतो. मी उंचीच्या सर्वांत वरच्या खुणेपासून सुरुवात करतो आणि ब्रश तंतूंना लागल्याचा आवाज येईपर्यंत एकेक खूण खाली आणतो. गुळगुळीत फरशीवर ब्रश बंदच ठेवा, नाहीतर बारीक खडे चहूकडे उडतात.