मदत हवी आहे: 'गॉन्टलेट'ला मराठीत काय म्हणाल?

मध्ययुगीन युरोपातल्या सरदारांवरचा मजकूर मराठीत आणतेय आणि 'गॉन्टलेट'पाशी अडकलेय. चिलखताबरोबरचा लोखंडी हातमोजा, इथवर ठीक. (आपल्या दांडपट्ट्याचा खोबळाही कोपरापर्यंत हात झाकतो, पण तो पडला शस्त्राचा भाग.) सरदार तो मोजा जमिनीवर फेकून द्वंद्वाचं आव्हान द्यायचा, समोरच्यानं उचलला की आव्हान स्वीकारलं. उचलण्याला 'विडा उचलणे' जवळचं वाटतं, पण विडा भर दरबारात ठेवतात, शत्रूपुढे फेकत नाहीत!

खरी पंचाईत 'रन द गॉन्टलेट'ची. त्याचा मोज्याशी संबंधच नाही. मूळ स्वीडिश 'गाटलोप': दोन्ही बाजूंनी सैनिक फटके मारताहेत आणि गुन्हेगार मधून चाललाय, अशी शिक्षा. 'अग्निदिव्य' फार पवित्र वाटतं. पत्रकारांच्या गराड्यातून वाट काढणाऱ्या पुढाऱ्यालाही चालेल असं काही सुचतंय का कुणाला?